जनाबाईंच्या बोटावरचा डाग

१

जनाबाई रोकडे यांच्या नावावर कुणीतरी आधीच मत देऊन गेलं होतं, आणि ते कुणीतरी म्हणजे स्वतः जनाबाईच, असं मतदान केंद्रातल्या सगळ्यांनी मिनिटभरात ठरवून टाकलं.

एप्रिलची अखेर, दोन हजार नऊ साल. लोकसभेची निवडणूक, आणि बुवापाड्यातल्या शाळेच्या त्या खोलीत पंखा फिरत होता तो केवळ नावाला. यादी घेऊन बसलेल्या मास्तरांनी जनाबाईंचं नाव शोधलं, त्यावर आधीच रेघ मारलेली पाहिली आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाले. जनाबाईंना उजव्या कानाने ऐकू येत नाही. त्यांनी मान वळवून डावा कान पुढे केला. मग मास्तरांनी सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं, की आजी, तुमचं मत झालंय, तुम्ही जेवणाच्या वेळीच येऊन गेलात.

"मी आत्ता येतेय," जनाबाई म्हणाल्या. "पाय अजून भाजताहेत."

केंद्राध्यक्ष साहेब भला माणूस होता. त्याने उठून येऊन आजींना डावा हात दाखवायला सांगितलं. जनाबाईंनी हात बिनधास्त पुढे केला. त्यांच्या डाव्या तर्जनीवर, नखावर आणि कातडीवर, काळपट तपकिरी डाग होता.

रांगेतून कुणीतरी हसलं. जनाबाई आपल्याच बोटाकडे बघत राहिल्या, जणू ते दुसऱ्या कुणाचं होतं.

भिंतीकडेच्या बाकावर बसलेल्या मनालीला ते हसणं लागलं. मनाली तिथे मतदान प्रतिनिधी म्हणून बसली होती. उमेदवार नीलिमाताई, अपक्ष, बायकांचा शिवणवर्ग चालवणाऱ्या, निशाणी शिलाई मशीन. निवडून येण्याची शक्यता शून्य, पण मनालीला तो बाक मिळाला होता आणि डोळ्यांत तेल घालून बसायचं असं तिने स्वतःला बजावलं होतं. एरवी तिचं बुवापाड्यात ब्युटी पार्लर. माणूस समोर आला की तोंडाआधी ती त्याचे हात बघायची. सवयीला औषध नसतं. त्यामुळे आताही सगळे जनाबाईंच्या तोंडाकडे बघत असताना मनाली त्यांचं बोट बघत होती.

डाग विचित्र होता. शाई लावणारे लावतात ती नखापासून कातडीवर एक रेघ. जनाबाईंचा डाग बोटाला चहूबाजूंनी वेढून पहिल्या पेरापर्यंत गेला होता, खालच्या बाजूलाही, आणि पेराशी येऊन सरळ कापल्यासारखा थांबला होता. असा डाग तिने कुठेतरी पाहिला होता. कुठे, ते मात्र आठवेना.

साहेबांनी कायदा समजावून सांगितला. तुमच्या नावावर दुसरंच कुणी मत देऊन गेलं असेल तर तुम्हाला वेगळी कागदी मतपत्रिका मिळते, प्रदत्त मत म्हणतात त्याला. पण बोटावर शाई असलेल्या माणसाला कोणतीच मतपत्रिका देता येत नाही. केंद्र पाचला बंद होईल. तोपर्यंत काही खुलासा असेल तर घेऊन या.

दारात जनाबाईंचा मुलगा विक्रांत उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर "मी सांगतच होतो" एवढं स्पष्ट लिहिलं होतं.

जनाबाई त्याच्यासमोर जाऊन थांबल्या. "मी मत देऊन आले आणि विसरले असले," त्या म्हणाल्या, "तर मी आजच येते तुझ्याबरोबर. संध्याकाळी कुलूप लाव घराला."

२

हे कुलपाचं प्रकरण महिनाभर चाललं होतं आणि गल्लीत सगळ्यांना पाठ होतं. विक्रांत नोकरीवाला माणूस. बदलापूरला, शिरगावात त्याने फ्लॅट घेतला होता. बुवापाड्याच्या खोलीत जनाबाई आणि त्यांच्या लेकीचा मुलगा संतोष असे दोघेच राहत. होळीच्या सुमारास जनाबाईंनी गॅस चालू ठेवून दार ओढलं, तेव्हापासून विक्रांतच्या मनाने घेतलं होतं की आईची आठवण गेली. जनाबाईंनी त्याला एकच उत्तर दिलं होतं, की ज्या दिवशी माझं मला आठवणार नाही त्या दिवशी ने, त्याआधी नाही. आता तो दिवस आला होता, आणि तोही भरल्या रांगेत.

मतदानाच्या बाबतीत जनाबाईंना विसर पडावा, हे मनालीच्या गळी उतरत नव्हतं. सत्तावन्न सालच्या निवडणुकीपासून ही बाई एकदाही चुकली नव्हती. धम्मदीक्षा घेतली आणि लगेच पुढच्या वर्षी पहिलं मत दिलं, असं त्या लग्नाची गोष्ट सांगावी तसं सांगायच्या. दिल्लीतल्या त्या गोल घरात पाचशे त्रेचाळीस खुर्च्या आहेत आणि त्यातली एक आपल्या सांगण्यावरून भरते, हे त्यांना नवऱ्याने समजावलं होतं. पंतप्रधान काही आपण निवडत नाही, आपला माणूस तिथे जातो आणि तो निवडतो, म्हणून आपला माणूस नीट बघून पाठवायचा. हा धडा त्यांनी लहानपणी मनालीलाही दिला होता, बोरं खाता खाता.

या वेळी मात्र त्या धड्यात घोळ झाला होता. आजवर अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर सगळे मिळून एकच खासदार पाठवायचे. आता मतदारसंघ नव्याने कापले होते. अंबरनाथ आणि उल्हासनगर नव्या कल्याण मतदारसंघात गेले, आणि मधली दोन-तीन मैलांची मोकळी जागा ओलांडली की बदलापूर भिवंडीत. तिथले उमेदवार वेगळे, यंत्र वेगळं. प्रचार करताना हे समजावून सांगून मनालीच्या नाकी नऊ आले होते. बदलापूरला राहणारे नातेवाईक फोन करून नीलिमाताईंना मत देतो म्हणायचे, आणि ती म्हणायची, काका, तुमच्याकडे त्या उभ्याच नाहीत.

जनाबाईंना घेऊन ती घरी आली तेव्हा दारात रखमाबाई बसल्या होत्या. रखमाबाई म्हणजे जनाबाईंची जन्माची मैत्रीण. दोघींचे नवरे एकाच कारखान्यात होते, दोघींनी पहिलं मत एकाच रांगेत उभं राहून दिलं होतं. दोन वर्षांपूर्वी रखमाबाईंचा मुलगा त्यांना शिरगावला घेऊन गेला, विक्रांतच्याच सोसायटीत, पण सणावाराला आणि अशा खास दिवशी त्या बुवापाड्यात येऊन टेकायच्याच. आज दुपारी रिक्षाने आले, म्हणाल्या.

झाला प्रकार ऐकून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी जनाबाईंना आत नेऊन बसवलं, माठातलं पाणी दिलं, पदराने वारा घातला. पाणी देताना त्यांच्याही बोटावरची शाईची रेघ मनालीच्या नजरेत आली, आणि सवयीनेच तिने विचारलं, की तुमचं झालं ना मत.

"झालं की, सकाळीच, तिकडं शिरगावात," रखमाबाई म्हणाल्या. "आपल्या मशीनवालीलाच दिलं. तू सांगितलंवतंस ना."

मनालीला बरं वाटलं. महिनाभर उन्हातान्हात फिरल्याचं निदान एका मतापुरतं चीज झालं.

जनाबाई मात्र कुणाचंच ऐकत नव्हत्या. त्या बोट उलटसुलट करून बघत होत्या. "मने," त्या हळूच म्हणाल्या, "मी खरंच जाऊन आले असेन का गं?"

मनालीने पर्स उचलली आणि शाळेकडे परत निघाली.

३

पहिला संशय तिला मुकेशचा आला, आणि त्याचं कारण सोपं होतं. जेवणाच्या सुट्टीत मनालीच्या जागी बाकावर तोच बसला होता, आणि नेमकं त्याच वेळी जनाबाईंचं नाव कटलं होतं.

मुकेशचं उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये जीन्सच्या चेन आणि बटणांचं दुकान. जातीचा सिंधी, जिभेचा गोड. सहा महिन्यांपूर्वी बुवापाड्याच्या कडेला भाड्याने राहायला आलेला, त्यामुळे मतदार झाला, पण गल्लीतल्या बायका त्याला ओळखू येत नव्हत्या. नीलिमाताईंचा वर्ग त्याच्याकडून माल घेतो म्हणून त्याने हे काम अंगावर घेतलं होतं. मनालीने त्याला शाळेच्या फाटकाशी गाठलं आणि सरळच विचारलं, की कुणी सांगितलं म्हणून डोळेझाक केलीस का.

मुकेश दुखावला. त्याने सांगितलं ते असं, की बारा-साडेबाराला खोलीत फारसं कुणी नव्हतं. एक म्हातारी आली, लुगडं नेसलेली, पदर कपाळापर्यंत. कार्डावरचा फोटो असा की तिचा म्हणा नाहीतर तिच्या आईचा म्हणा. मास्तरांनी पाहिलं, अंगठा घेतला, शाई लावली, म्हातारी आत गेली, यंत्र वाजलं, म्हातारी बाहेर गेली. त्याला संशय येण्यासारखं काही दिसलंच नाही.

मनालीने त्याला म्हटलं, की नीट आठव, तिने काय केलं, कसं केलं, अगदी फालतू वाटलं तरी सांग.

"अरे काय सांगू, दीदी," मुकेश म्हणाला. "मास्टरजीने नाव विचारलं, एकदम धीरे से, त्यांचा गळाच बसलेला. तिने फट से सांगितलं. मग अंगठ्याला शाई लागली ना, तर कार्डची प्लास्टिकची थैली तिने दातात पकडली आणि हात पुसला. बस."

मनाली जागच्या जागी थांबली. मास्तर पुन्हा काय म्हणाले, कुठल्या बाजूला उभे होते, म्हातारी कशी उभी होती, हे तिने दोनदा वदवून घेतलं. मास्तर टेबलामागे, म्हातारीच्या उजव्या हाताला. आणि तिने मान वळवली नाही.

दोन वाजता याच मास्तरांचं हळू बोलणं जनाबाईंना ऐकू आलं नव्हतं. साडेबाराला आलेल्या म्हातारीचा उजवा कान मात्र उत्तम चालत होता.

४

म्हणजे जनाबाईंचं डोकं ठिकाणावर होतं आणि मत दुसरीच कुणी देऊन गेली होती. मनालीला आनंदाने ओरडावंसं वाटलं, पण साहेबांपुढे बटणवाल्याच्या आठवणीचा पुरावा टिकणार नव्हता. डाग होता ना बोटावर. त्याचं काय?

ती परत घरी आली. विक्रांत बाहेर कठड्याला टेकून उभा होता आणि शेजारी आईची कपड्यांची पिशवी भरून ठेवलेली होती. पिशवी पाहून मनालीचं डोकं फिरलं. जनाबाई वेड्या ठरल्या तर ज्याचं काम होणार होतं तो माणूस हाच, आणि आज सकाळपासून बुवापाड्यात हजर असलेलाही हाच. तिने आडपडदा न ठेवता विचारलं, की दादा, आईला सकाळी कुठे नेलं होतं.

विक्रांत चिडला नाही. अकराच्या सुमाराला आईला रिक्षात घालून कॅम्प चारच्या डॉक्टरकडे नेलं, तिथे गर्दी होती, दीडला परत आणलं. येताना तो आईला शिरगावला चल म्हणाला, तर तिने अर्ध्या रस्त्यात रिक्षा वळवायला लावली, मत दिल्याशिवाय येत नाही म्हणून.

"मला वाटलं होतं ती विसरून जाईल या वेळी," तो म्हणाला. "काल सोसायटीत सगळ्यांना सांगूनही टाकलं मी, की आई उद्यापासून इथेच, मतदान वगैरे तिचं आता संपलं." मग थोडं थांबून म्हणाला, "मनाली, मी तिचं मत कशाला चोरू? रात्री फोन वाजला की माझा जीव थाऱ्यावर नसतो. मला ती फक्त डोळ्यांसमोर हवी आहे."

त्याचे डोळे भरून आले होते. मनालीने त्याच्यावरचा संशय पूर्ण सोडला नाही, पण आवाज खाली आणला.

आत जाऊन तिने जनाबाईंकडे मतदानाचं कार्ड मागितलं. ते नेहमी भिंतीवरच्या बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरीमागे, प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत असायचं. अकरा ते दीड दार नुसतं ओढलेलं होतं. बुवापाड्यात दिवसा कुलूप लावलं तर लोक विचारतात, काय झालं म्हणून. म्हणजे तसबिरीमागचं कार्ड ज्याला ठाऊक, तो ते नेऊ शकत होता आणि परत ठेवूही शकत होता. पिशवीच्या एका कोपऱ्यावर दातांच्या खुणा होत्या. मनालीने ती नाकाशी धरली. मिश्रीचा वास आला.

जनाबाई मिश्री लावत नव्हत्या. डॉक्टरने सांगितल्यावर त्यांनी ती केव्हाच सोडली होती. पण गल्लीत त्यांच्या वयाच्या निम्म्या बायका रोज सकाळी दात काळे करत बसायच्या. एवढ्या जणींना एका दुपारी कोण विचारत बसणार!

"आजी," तिने विचारलं, "सकाळपासून हाताने काय काय केलंत?"

जनाबाईंनी सांगितलं. चहा केला. भांडी घासली. संतोषचे कामाचे कपडे धुतले, त्याचे हातमोजे उलटे झाले होते ते सरळ केले.

मनालीला एकदम त्या डागाची ओळख पटली. तिने रिक्षा थांबवली तेव्हा घड्याळात साडेतीन वाजून गेले होते.

५

कॅम्प चारच्या मागच्या गल्ल्यांत जीन्स धुण्याचे कारखाने आहेत. निळं पाणी गटारातून वाहतं आणि वाफेने भिंती ओल्या असतात. त्या दिवशी सुट्टी होती, पण एका पत्र्याच्या शेडचं शटर अर्धं वर होतं. मनाली वाकून आत शिरली, तसं संतोषचं धाबं दणाणलं. सुट्टीच्या दिवशी चोरून काम चाललं होतं आणि त्याला वाटलं, कुणी तपासायला आलं.

संतोष तेवीस-चोवीस वर्षांचा, हसतमुख, सिनेमातल्यासारखे केस. त्याचं काम जीन्सला मांडीवर आणि गुडघ्यावर जुनेपणा आणायचं. त्यासाठी जांभळं औषध फवारतात, सगळे त्याला पीपी म्हणतात. फवारलं की आधी गुलाबी दिसतं, तासाभरात तपकिरी होतं. कातडीला लागलं तर आठवडाभर हटत नाही. या गल्लीतल्या मुली लग्न ठरलं की मनालीच्या पार्लरमध्ये यायच्या त्या मेंदीच्या आधी नखं साफ करून घ्यायला. तो डाग तिने तिथे पाहिला होता, नवरीच्या हातावर. आज तो मतदान केंद्रात पाहिला म्हणून ओळखता आला नाही.

"मोज्यात कसं गेलं औषध?" तिने विचारलं.

संतोष ओशाळला. डाव्या मोज्याला तर्जनीच्या टोकाशी चीर गेली होती, काल रात्री आत औषधाचं पाणी शिरलं, म्हणून त्याने मोजे तसेच उलटे करून बादलीत टाकले होते. आजीने सकाळी एकेक बोट आत ढकलून ते सरळ केले असणार. ओलसर मोज्यात बोट पेरापर्यंत गेलं आणि तिथेच अडलं. तेव्हा डाग दिसला नसेल, काळा झाला तो नंतर.

मग आपल्या मोज्यापायी आजीचं मत गेलं आणि आता घरही जाणार, हे त्याला कळलं आणि त्याने हातातली जीन्स खाली टाकली. त्याला रडायला वेळ नव्हता, आणि मनालीला त्याची समजूत काढायला. तिने एकच मागितलं. फवारलेलं तपकिरी औषध जीन्सवरून उडवायला ज्या पाण्यात बुडवतात, ते पाणी बाटलीभर हवं.

६

पाचला थोडाच वेळ होता. मतदान केंद्रात शेवटची रांग आत घेतली होती आणि साहेब फाटक लावायच्या तयारीत होते. मनाली जनाबाईंचा हात धरून आत आली, मागे संतोष, त्याच्यामागे विक्रांत, आणि दाराबाहेर मुकेश आणि रखमाबाई.

साहेबांना तिने थोडक्यात सांगितलं. मग स्टीलच्या वाटीत बाटलीतलं पाणी ओतलं आणि ती टेबलावर ठेवली. आधी तिने आपलं बोट पुढे केलं. सकाळी सातला तिने स्वतःचं मत दिलं होतं, शाई लावताना हेच साहेब समोर होते. ते बोट तिने वाटीत बुडवलं, चोळलं, बाहेर काढलं. शाईची रेघ होती तशी होती.

"आता तुम्ही, आजी."

जनाबाईंनी बोट बुडवलं. मनालीला एकदम भीती वाटली, की आपण चुकलो असलो तर ही बाई आयुष्यभर स्वतःवर विश्वास ठेवणार नाही.

बोट बाहेर आलं तेव्हा नख गुलाबी होतं. कातडी पांढरी, सुरकुतलेली, कोरी. डाग कुठेच नव्हता.

साहेबांनी ते बोट उजेडात धरून पाहिलं. मग वाटीकडे पाहिलं, मग मनालीच्या बोटाकडे, आणि खुर्चीत बसून नियमाप्रमाणे जनाबाईंना प्रश्न विचारायला सुरुवात केली. नाव काय, नवऱ्याचं नाव काय, घर कोणतं, घरात कोण. जनाबाईंनी सगळं सांगितलं, शिवाय सासऱ्याचं गाव आणि आजवर याच शाळेत कुठल्या कुठल्या खोलीत मत दिलं, हे न विचारलेलंही सांगितलं. विक्रांत भिंतीला टेकून ऐकत होता. आईने शहात्तर साली गेलेल्या मुख्याध्यापकांचं नाव घेतलं तेव्हा त्याने मान खाली घातली.

कागदी मतपत्रिका आली, शिक्का आला. जनाबाईंच्या कोऱ्या बोटावर खरी शाई लागली. आडोशाला जाऊन त्यांनी शिक्का मारला, घडी घातली आणि साहेबांनी ती पाकिटात बंद केली. बाहेर येताना जनाबाईंनी रांगेतल्या त्या हसणाऱ्या माणसाला शोधलं, पण तो केव्हाच गेला होता.

विक्रांतने घरी जाऊन कपड्यांची पिशवी स्वतःच्या हाताने रिकामी केली. रविवारी येतो, म्हणाला. जेवायला.

सगळं गोड झालं होतं. मनाली तेवढी केंद्राच्या दाराशी रेंगाळली. दारावर उमेदवारांची यादी चिकटवलेली होती, नावापुढे निशाणी. सगळ्यात खाली नीलिमाताई आणि शिलाई मशीन. सकाळपासून दहा वेळा पाहिलेलं ते चित्र पाहताना तिच्या मनात पाल चुकचुकली.

७

रखमाबाई जनाबाईंच्या दारातच बसल्या होत्या. शिरगावची रिक्षा धरायला उठत होत्या. मनाली त्यांच्याजवळ पायरीवर बसली, तसा तोच मिश्रीचा वास आला. तिने त्यांचा डावा हात हातात घेतला.

"रखमाआजी," ती म्हणाली, "शिरगावच्या यंत्रावर शिलाई मशीन नव्हतंच. ते फक्त इथे आहे."

रखमाबाईंनी हात ओढून घेतला नाही. दोन्ही गावं अजून एकच माणूस पाठवतात, असं त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. पन्नास वर्षं तसंच तर चाललं होतं.

मग त्यांनी सांगितलं. शिरगावला गेल्यावर बुवापाड्यातलं त्यांचं नाव कापलं गेलं. तिकडे लावतो लावतो म्हणत मुलाने लावलं नाही. कुठेच नाव नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. काल विक्रांत म्हणाला की जनाबाईंचं मतदान आता संपलं. आज दुपारी त्या आल्या तर घर रिकामं. जनाला नेली, असंच त्यांना वाटलं. तसबिरीमागे कार्ड होतं.

"चोरलं नाय गं मी," त्या म्हणाल्या. "तिचं मत वाया जाईल म्हणून दिलं. तिच्याच नावानं. ते मशीन वाजलं तवा मला वाटलं, आम्ही दोघी उभ्या आहोत."

"मला डाव्या कानाने ऐकू येतं, रखमे."

जनाबाई आतून दारात येऊन उभ्या होत्या. केव्हापासून, ते कळलं नाही. रखमाबाईंनी पदर तोंडावर घेतला.

"मत दिलंस त्याचं काही नाही," जनाबाई म्हणाल्या. "पण तीन तास मी माझ्या डोक्याला शिव्या घालत बसले. मला वाटलं, गेले मी. आणि तू माझ्या बाजूला बसून मला पाणी पाजत होतीस."

"पोलीस नेतील असं वाटलं. मग तोंडच उघडेना."

"मला वेडी ठरवून नेलं असतं, ते चाललं असतं?"

रखमाबाई रडायला लागल्या, आवाज न करता, आणि जनाबाईंनी त्यांना रडू दिलं. मनालीला उठून जावंसं वाटत होतं आणि उठवतही नव्हतं. हे साहेबांच्या कानावर घालायला हवं, हे तिला माहीत होतं. बाकावर बसलेल्या माणसाचं ते कामच होतं. तिने जनाबाईंकडे पाहिलं. जिचं मत गेलं होतं तिनेच काय ते ठरवावं, असं तिला वाटलं.

जनाबाई खाली बसल्या. गुडघे दुखत होते, त्यामुळे रखमाबाईंच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला.

"ते पाकीट उघडतात का गं, मने?" त्यांनी विचारलं.

मनाली खोटं बोलली नाही. कोर्टाने सांगितलं तरच उघडतात, नाहीतर तसंच बंद राहतं. मोजलं जातं ते यंत्रातलं.

"म्हणजे मोजणार ते हिनं दाबलेलं. आणि मी दिलेलं पाकिटात."

"हो, आजी."

मग जनाबाई रखमाबाईंकडे वळून म्हणाल्या, की उद्या मनी तुझा फॉर्म भरून देईल, शिरगावचा. जिथे राहतेस तिथे मत दे. त्यांचाही माणूस बसतोच की त्या गोल घरात, त्यालाही कुणीतरी नीट बघून पाठवायला हवं. आणि मतदानाच्या दिवशी इकडे आलीस तर माझी तसबीर पुसून जा, बाकी कशाला हात लावू नकोस.

रखमाबाईंनी नाक पुसलं, मान डोलावली. थोड्या वेळाने त्यांचा चेहरा जरा उजळला.

"पण मी दाबलं ते बरोबर ना, जने? तू मशीनलाच देणार होतीस ना?"

मनालीनेही कान टवकारले. या घरात महिनाभर चहा पिऊन तिने ते मत केव्हाच आपल्या खात्यात धरलं होतं.

जनाबाईंनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि शाईचं बोट ओठांवर ठेवलं.

"ते गुप्त असतं," त्या म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.